नऊ टेबलं आणि एक दार

केबिन मिळाली तर आपल्याला काय काय मिळेल, याचा हिशेब फोरमननं मनाशी पक्का करून ठेवला होता. सगळ्यात आधी दार. एकोणीस वर्षं तो पंख्यांच्या कारखान्यात, जुळणीच्या हॉलमध्ये, खांबाला चिकटवलेल्या एका टेबलाशी बसत आला होता. येणारा-जाणारा त्याच्या कागदांवर कोपर टेकायचा आणि मग बोलायला लागायचा. दार असलं की बाहेरच्याला आधी टकटक करावी लागते आणि आतल्याला 'थांबा जरा' म्हणता येतं. एकोणीस वर्षांत त्यानं 'थांबा जरा' पुष्कळदा ऐकलं होतं. म्हणायची पाळी एकदाही आली नव्हती. दारापाठोपाठ खुर्ची, वरखाली होणारी. मग काच, जिच्यातून तो सगळ्यांना दिसेल पण कुणाची कुरकुर त्याला ऐकू येणार नाही. आणि शेवटची बाब, जी त्यानं बायकोलासुद्धा बोलून दाखवली नव्हती, ती सासुरवाडीची. तिथं जेवायला बसलं की जगाचं पुढं काय होणार हे सासरे आपल्या मुलाला विचारत, आणि जावयाला विचारत, "आणखी वाढू का?" केबिनमध्ये बसणाऱ्या जावयाला निदान एक तरी प्रश्न जास्तीचा मिळेल, असा त्याचा अंदाज होता.

खर्चाच्या बाजूला त्यानं काहीच मांडलं नव्हतं.

जुने मॅनेजर निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. हॉलच्या एका टोकाला त्यांची काचेची केबिन कुलूप लावून ठेवलेली होती. किल्ली मालकीणबाईंच्या टेबलाच्या खणात असे, आणि झाडलोट करून घ्यायच्या निमित्तानं फोरमन ती दर सोमवारी मागून आणी. कामवाली झाडू मारी आणि फोरमन खुर्चीवर बसून बघे, की कचरा नीट निघतोय की नाही. आताशा केबिनमध्ये धूळ बसायलाही सवड मिळत नव्हती.

"बाहेरून माणूस आणायचा की तुम्हाला बसवायचं, ते मी ठरवणार नाही," मालकीणबाईंनी एकदा स्पष्टच सांगितलं. "ते गिऱ्हाईक ठरवेल."

गिऱ्हाईक म्हणजे अठ्ठावीस दुकानांचा मालक. त्याला एकाच जातीचे हजार पंखे नको होते. या आठवड्यात तीनशे टेबलफॅन, पुढच्या आठवड्यात दीडशे भिंतीवरचे, मध्येच सत्तर स्टँडचे, दुकानातून जसं खपेल तसं. एका पंख्यावरून दुसऱ्या पंख्यावर लाइन तासाभरात बदलून दाखवा, वर्षाची ऑर्डर घ्या, असं त्याचं म्हणणं. आणि तशी बदलून दाखवा, केबिन घ्या, असं मालकीणबाईंचं.

आता, लाइन बदलायला या कारखान्यात तीन दिवस लागत. जुळणीची नऊ टेबलं जमिनीला बोल्टनं जखडलेली. प्रत्येक टेबलावर स्क्रू आवळायचं यंत्र, तपासणीचा मीटर, आणि त्या दोन्हींच्या वायरी फरशीखालच्या नळ्यांतून गेलेल्या. टेबलाची जागा बदलायची तर आधी फरशी उघडायची, मग वायरमनला शोधायचं, मग वायरमनची शिडी शोधायची. पहिला दिवस या शोधातच जाई. त्यातून फोरमनचा शिस्तीचा कडवेपणा. प्रत्येक टेबलाभोवती त्यानं पिवळ्या पट्टीचा चौकोन आखून ठेवला होता आणि खिशात कायम मोजपट्टी असे. लोक त्याला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागं 'फुटपट्टी'. त्याला दोन्ही माहीत होतं, आणि दुसऱ्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे.

तासाभराचं कोडं सुटलं ते नको त्या ठिकाणी, म्हणजे सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर. मेहुणा कारखान्यांना बिनतारी जाळं बसवून देणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. त्यानं वाट्या आणि चमचे पुढं ओढले.

"दाजी, हे बघा. ही वाटी म्हणजे तुमचं टेबल. याला चाकं लावायची."

"चाकं."

"वायर नाही. बॅटरीवर चालणार. ढकललं की जातंय पाहिजे तिथं."

"आणि कुठला स्क्रू, किती आवळायचा, हे बायांना सांगणार कोण? आत्ता ते वायरीतून येतं."

"खांबावरचा डबा सांगणार. पांढरा, एवढासा. तीन डबे बसवले की अख्खा हॉल झाला. टेबल ज्या चौकोनात उभं असेल, त्या चौकोनाचं काम डबा त्या टेबलाला सांगणार. पडद्यावर चित्र येणार, स्क्रू आवळायचं यंत्र आपोआप तेवढंच फिरणार."

"सांगणार कशातून?"

"हवेतून."

फोरमननं पाण्याचा घोट घेतला. "हवेतून," तो म्हणाला.

"हवेतून हो!" बायको म्हणाली. "फोनवर तासन्‌तास बोलता तेव्हा वायर लागते का तुम्हाला?"

सासऱ्यांनी मुलाकडं बघून मान डोलावली आणि जावयाला विचारलं, "आणखी वाढू का?"

फोरमनच्या जागी दुसरा असता तर तिथंच नाही म्हणाला असता. नऊ चौकोन आखायला त्याला आठ रविवार लागले होते. पण दार डोळ्यांपुढं होतं. त्यानं मालकीणबाईंकडं शब्द टाकला, मेहुण्याची कंपनी आली, तीन खांबांवर तीन पांढरे डबे चढले, टेबलांचे बोल्ट निघाले आणि चाकं लागली. शेवटी मेहुण्यानं चाळीस पानांचं सूचनापत्रक पुढं ठेवलं.

"दाजी, वाचून प्रत्येक पानावर सही करा."

फोरमननं चार पानं वाचली. चौथ्या पानावर 'जबाबदार अधिकारी' या शब्दांपुढं त्याचं पद छापलेलं होतं. ते त्याला इतकं आवडलं की पुढं वाचायची गरज वाटली नाही. उरलेल्या छत्तीस पानांवर त्यानं सुवाच्य सह्या केल्या.

पहिला आठवडा वैतागाचा गेला. टेबल जमिनीतून सुटलं की माणूसही सुटतो, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक ते नऊ चौकोनांत सगळ्यात हलकं काम नवव्या चौकोनाचं: पंखा एकदा फिरवून बघायचा आणि लेबल चिकटवायचं. सगळ्यात जड सातव्याचं: मोटारीवर जाळी बसवून आठ स्क्रू. सातनंबरवाल्या वहिनींनी अकरा वर्षं ते आठ स्क्रू आवळले होते. डबा टेबलाकडं बघून काम देतो, माणसाकडं नाही, हे त्यांना मेहुण्याच्या आधी कळलं. मंगळवारी सकाळी फोरमन येऊन बघतो तर सात नंबरचं टेबल नवव्या चौकोनात उभं, आणि वहिनी शांतपणे लेबल चिकटवतायत.

"वहिनी, हे काय?"

"मी काय केलं? मशीननं सांगितलं लेबल लावा, मी लावतेय."

"तुम्ही टेबल ढकललंत."

"चाकं तुम्ही लावलीत, साहेब."

बुधवारी नवव्या चौकोनात तीन टेबलं एकमेकांना खेटून उभी होती आणि सातव्यात चिटपाखरू नव्हतं. गुरुवारी एक टेबल चौकोन सोडून खिडकीशी गेलं होतं. तिथून काहीच काम येत नव्हतं, पण वारा छान येत होता. शुक्रवारी फोरमन साडेसातलाच आला आणि स्वतः नवव्या चौकोनात हाताची घडी घालून उभा राहिला. त्यावर वहिनींनीच तोड काढली. रोज एकानं एक चौकोन पुढं सरकायचं, म्हणजे नऊ दिवसांत प्रत्येकीला एकदा लेबल आणि एकदा आठ स्क्रू. फोरमननं थोडा विचार करून ती कल्पना आपली म्हणून जाहीर केली. वहिनींनी लगेच टेबल पुढं ढकललं. त्यांना अकरा वर्षांनी आठ स्क्रूंतून आठ दिवसांची सुट्टी मिळत होती.

त्यानंतर गाडी रुळावर आली. टेबलफॅनवरून भिंतीच्या पंख्यावर यायला पहिल्या सरावात दोन तास लागले, मग सत्तर मिनिटं, मग बावन्न. पाहुणा, म्हणजे अठ्ठावीस दुकानांचं ते गिऱ्हाईक, बुधवारी येणार होता. सोमवारी फोरमननं केबिनची झाडलोट करून घेतली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून टेबलाच्या खालच्या खणात स्वतःची चष्म्याची डबी ठेवून दिली.

आणि मंगळवारी त्यानं भिंत रचायला घेतली.

ही या कारखान्याची जुनी रीत. मालकीणबाईंचे सासरे, थोरले मालक, यांनी घालून दिलेली. हॉल मोकळा दिसला की गिऱ्हाईक भाव पाडतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून कुणी मोठा पाहुणा येणार असला की आदल्या दिवशी कोठीतून पंख्यांच्या जाळ्या काढायच्या आणि हॉलच्या दोन्ही बाजूंना रचायच्या, पार तुळईपर्यंत. बघणाऱ्याला वाटावं, इथं माल मावत नाहीये. त्या जाळ्या कुठल्या पंख्याच्या, हे कुणी विचारत नसे. त्या होत्या बारा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका मॉडेलच्या, मापात चुकलेल्या, आणि भंगारात टाकवत नाहीत म्हणून राहिलेल्या. पुढची रांग तेलाच्या फडक्यानं पुसली की चकाकायची. मागच्या चार रांगांना पुसायचं कारण नव्हतं.

"या खेपेला राहू दे का?" कोठीवाले अण्णा म्हणाले. कोठी त्यांच्या ताब्यात होती आणि कंबरही त्यांचीच होती. "टेबलं हलवायचीत. जागा मोकळी बरी."

"अण्णा, एवढा मोठा पाहुणा आणि भिंत नाही? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे आपणच ना?"

"रचा."

आठ माणसांना पूर्ण दिवस लागला. संध्याकाळी फोरमन हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि त्याचा ऊर भरून आला. दोन्हीकडं चकचकीत जाळ्यांचे कडे, सरळ रेषेत. मोजपट्टी लावून बघितली तर बोटभर इकडंतिकडं नाही. थोरले मालक असते तर पाठ थोपटली असती. तीन खांबांपैकी दोन या भिंतींच्या मागं गेले होते. तिसरा तेवढा केबिनजवळ मोकळा उरला होता. तिथंही रचायचं फोरमनच्या मनात होतं, पण जाळ्या संपल्या.

बुधवारी पाहुणा दहाच्या ठोक्याला आला. किरकोळ अंगाचा, बारीक मिशीचा, आणि बोलण्याच्या बाबतीत भलताच काटकसरी. मालकीणबाईंनी चहा विचारला, त्यानं मान हलवली. बिस्किटं पुढं केली, मान हलवली. दोन्ही माना सारख्याच होत्या, त्यामुळं चहा द्यायचा की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. हॉलमध्ये येऊन त्यानं मनगटावरच्या घड्याळाचं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "करा."

फोरमननं हात वर केला आणि खाली आणला. नऊ टेबलांचे ब्रेक एकदम सुटले. दोन नंबर मागं गेलं, पाच नंबर वळसा घालून पुढं आलं, वहिनींचं टेबल एखाद्या वरातीत निघाल्यासारखं डौलानं सरकलं. वीस मिनिटांत नवी रांग उभी. फोरमननं पाहुण्याकडं असं बघितलं, की जणू चाकांचा शोध त्यानंच लावला होता.

"चला, सुरू!"

काही सुरू झालं नाही.

नऊ पडद्यांवर नऊ गोल चकत्या गरागरा फिरत होत्या. वहिनींनी स्क्रूचं यंत्र दाबून बघितलं. ते ढिम्म. आज्ञा आल्याशिवाय यंत्र फिरायचंच नाही, अशी त्याची घडण. चुकीचा स्क्रू आवळला जाऊ नये म्हणून. एरवी या गोष्टीचं मेहुणा फार कौतुक करायचा.

"साहेब, हे विचार करतंय," वहिनी म्हणाल्या.

"करू दे."

"फार खोल करतंय."

दोन मिनिटं गेली, तीन गेली. मालकीणबाई पाहुण्याला कारखान्याचा इतिहास सांगू लागल्या. फोरमन खांबाआड जाऊन मेहुण्याला फोन लावू लागला.

"अरे, तुझे डबे मेलेत!"

"मरतील कसे, दाजी? मला इथून तिन्ही दिसतायत, व्यवस्थित चालू आहेत. तुमची टेबलंच दिसत नाहीयेत. समोर काही आणून ठेवलंय का?"

"नाही. म्हणजे, माल आहे थोडा."

"कसला?"

"जाळ्या."

"कुठल्या, लोखंडी? किती?"

फोरमननं वर बघितलं. "तुळईपर्यंत."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"किती रांगा?"

"पाच. दोन्ही बाजूंना. पण रेषेत आहेत एकदम."

"दाजी, तुम्ही पिंजरा बांधलाय. लोखंडाच्या पाच पडद्यांआड डबा काय बोलणार आणि टेबल काय ऐकणार? एकतिसाव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, डब्यांपुढं धातूचा माल रचू नये. तुमची सही आहे खाली. सुंदर सही आहे."

"आता ते पान घालू का चुलीत? उपाय सांग!"

"भिंत काढा."

"रचायला दिवस लागला!"

"मग तिसऱ्या डब्याजवळ न्या टेबलं. तो मोकळा आहे ना? काय आहे तिथं?"

फोरमनला उत्तर माहीत होतं. सोमवारी परत करायची राहिलेली किल्ली त्यानं खिशात चाचपली.

"दाजी? काय आहे?"

"केबिन."

"काचेची ना? झकास. काचेतून आरपार जातं. आत पाच मावतील, चार बाहेर. चौकोनांचं विसरा, पडद्यावर हातानं नंबर टाका. पळा!"

फोरमन पळाला नाही. केबिनच्या दारासमोर दोन क्षण उभा राहिला. आत टेबल, खुर्ची, आणि खालच्या खणात चष्म्याची डबी. मग त्यानं किल्ली फिरवली आणि ओरडला, "आतलं सगळं सामान बाहेर घ्या!"

मॅनेजरचं टेबल चौघांनी उचलून हॉलच्या मधोमध नेऊन टाकलं. खुर्ची कुणीतरी ढकलून दिली; ती आपल्या चाकांवर फिरत फिरत पाहुण्याच्या पायांशी येऊन थांबली. पाहुणा तिच्यावर बसला. पहिलं जुळणीचं टेबल दाराशी आलं आणि अडकलं.

"दोन बोटं कमी पडतायत, साहेब," वहिनी म्हणाल्या. "दार आडवं येतंय."

फोरमननं मोजपट्टी लावली. दोन बोटंच. सताड उघडलं तरी दाराची जाडी चौकटीत उरत होती. टेबल तिरकं करून बघितलं, उचलून बघितलं, आतून ओढून बघितलं. घड्याळाचं बटण दाबलेलंच होतं.

"दार काढायला लागणार," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं. सोमवारची झाडलोट सगळ्या हॉलला काचेतून दिसत होती.

दार काढायला स्क्रूड्रायव्हर हवा. स्क्रूची नऊ यंत्रं हॉलमध्ये होती आणि नऊच्या नऊ आज्ञेची वाट बघत होती. हाताचा स्क्रूड्रायव्हर फक्त कोठीत. फोरमन कोठीच्या खिडकीशी धापा टाकत पोचला.

"अण्णा, स्क्रूड्रायव्हर!"

अण्णांनी वही पुढं केली. "सही."

"अण्णा, जीव जातोय माझा!"

"जाऊ दे, पण सही करून. परत करायची वेळ पण लिहा." कालच्या भिंतीनंतर अण्णांची कंबर पट्ट्यात होती आणि ते कुणालाही सवलत द्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

बिजागऱ्या तीन, एकूण बारा स्क्रू. फोरमननं स्वतः काढले. दुसऱ्याच्या हाती द्यायचा त्याचा धीर झाला नाही. अकराव्या स्क्रूला गंज होता. त्यानं दात ओठ खाऊन जोर लावला. बारावा निघाला आणि दार त्याच्या अंगावर आलं. त्यानं ते दोन्ही हातांनी कवटाळून धरलं, हळूच बाजूला नेलं आणि भिंतीला टेकवलं. एखाद्याला स्टेशनवर सोडून यावं तसा तो माघारी आला.

पाच टेबलं आत गेली. चार बाहेर लागली. वहिनींनी पडद्यावर नंबर टाकला, गोल चकती थांबली, आणि जाळीचं चित्र आलं.

"बोललं! साहेब, बोललं!"

मोटार एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पाती बसली, जाळी आली, आठ स्क्रू कुर्र कुर्र करत आत गेले. पंखा काचेआडून निघून दाराच्या रिकाम्या चौकटीतून बाहेर आला, बाहेरच्या चार टेबलांवरून सरकत शेवटी लेबलापाशी पोचला, आणि गरकन फिरला. वारा थेट पाहुण्याच्या मिशीवर. त्यानं घड्याळाचं बटण दाबलं.

"एक तास अकरा मिनिटं," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी फोरमनकडं बघितलं, ते बघणं त्याला कित्येक दिवस पुरलं असतं. पाहुणा खुर्चीवरून उठला, भिंतीपाशी गेला आणि चकचकीत जाळ्यांवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"तयार माल," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडं साठा भरपूर असतो."

"पाहिजे तेव्हा पाहिजे तो पंखा बनवता म्हणालात. मग साठा कशाला?"

पाहुण्यानं पुढची जाळी अलगद ओढली. मागची दिसली, तांबडीलाल, गंजानं भरलेली. त्यानं वळून फोरमनकडं बघितलं.

आता थाप मारायची तर कुठली, याचा फोरमननं अंदाज घेतला. बऱ्याच होत्या. पण दार भिंतीला टेकलेलं त्याला दिसत होतं आणि गमवायला फारसं उरलंय असं वाटत नव्हतं.

"शोभा आहे साहेब," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वीचा माल. पाहुणे आले की रचतो. मीच रचायला सांगितली, आणि हिच्यामुळंच डब्यांचा आवाज टेबलांपर्यंत पोचला नाही. भिंत नसती तर बावन्न मिनिटांत झालं असतं."

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. पाहुणा मात्र पहिल्यांदाच हसला, म्हणजे मिशीची एक बाजू हलली.

"माझ्या दुकानांत काचेमागं जी खोकी रचलेली असतात ना," तो म्हणाला, "ती सगळी रिकामी असतात." आल्यापासून त्याचं हे सगळ्यात मोकळं बोलणं. मग त्यानं केबिनकडं बोट केलं. "आणि ही लाइन तिथं घालायची, हे कधी ठरवलंत?"

"आत्ताच. अडलं म्हणून."

"अडल्यावर लाइन उचलून दुसऱ्या खोलीत मांडलीत. मला हेच पाहिजे होतं. आखलेल्या चौकोनांत काय, कुणीही लाइन बदलेल. दाराला किती वेळ लागला?"

"अकरा मिनिटं, साहेब. घड्याळ बघूनच काढलं मी."

"म्हणजे दार नसतं तर बरोबर एक तास."

"बरोबर एक तास."

पाहुण्यानं मालकीणबाईंकडं वळून करार तिथल्या तिथं सांगितला. वर्षाची ऑर्डर. छोट्या मालासाठी दुसरी लाइन कायमची काचेच्या खोलीत. "आणि ते दार," तो म्हणाला, "परत बसवू नका."

मालकीणबाई शब्दाच्या पक्क्या. संध्याकाळी त्यांनी फोरमनला मॅनेजर केल्याचं पत्र दिलं. पत्रात केबिनचा उल्लेख होता. त्यावर त्यांनी पेनानं एक बारीक रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरं केली.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "मग? मिळाली?"

"मॅनेजर झालो."

"ते कळलं हो, धाकट्यानं फोन केला मघाशीच. लाइन केबिनमध्ये मांडायची कल्पना त्याचीच ना? बाबा फार खूश झालेत. केबिन कशी आहे ते सांगा."

"हवेशीर आहे," फोरमन म्हणाला आणि चपला काढायला वाकला.

महिना गेल्यावर जमाखर्च असा निघाला. गिऱ्हाईकाला पाहिजे तसे पंखे मिळाले. मालकीणबाईंना वर्षाची ऑर्डर मिळाली. मेहुण्याला या लाइनच्या जोरावर आणखी दोन कारखाने मिळाले. सासऱ्यांनी जावयाला बोलावून 'आमच्या मुलाच्या हाताखाली काम करताना कसं वाटतं' हा प्रश्न विचारला, तेव्हा जास्तीचा प्रश्न मिळायचा तोही एकदाचा मिळाला. वहिनींना केबिनमधली थंड हवा मिळाली आणि वरखाली होणारी खुर्चीही, कारण आठ स्क्रू आवळायला तीच उंची सोयीची पडते. मॅनेजरचं टेबल हॉलमध्ये मोकळ्या चौकोनात असतं. त्यालाही चाकं लावलीत, आणि आठवड्यातून दोनदा, ऑर्डर बदलली की मॅनेजरसकट ते ढकललं जातं. येणारा-जाणारा त्यावर कोपर टेकतो. भिंत उतरवायला चार दिवस लागले, ते अण्णांच्या कंबरेनं भरले. भंगाराची गाडी जाळ्या घेऊन गेली तेव्हा वरती थोडी जागा उरली होती, म्हणून गाडीवाल्यानं दारही चढवलं. आणि त्याची पावती मालकीणबाईंच्या वतीनं घ्यायला, जबाबदार अधिकारी म्हणून, सही फोरमनलाच करावी लागली.